राडेकरचं 'नो'

१२ फेब्रुवारी २००५, शनिवार

आज क्लिनिकला एवढी माणसं आली की समोरच्या झेरॉक्सवाल्याला वाटलं कायतरी राडा झालाय. पेशंट एकच. बाकी सगळे त्याला सोडायला आलेले. पुढं तालमीचे अध्यक्ष अण्णा, मागं एक गोरापान, लांबडा, कपाळावरचे केस मागं सरकलेला परदेशी पावणा, आणि त्याच्या मागं जिन्यात, गल्लीत, गाड्यांवर सगळी पेठ.

अण्णा म्हणाले, "डॉक्टरीणबाई, हे आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचं नवीन स्ट्रायकर. चेक हायत. चेक म्हंजे बँकेतला न्हवं. देश हाय तसला."

नाव राडेक. आडनाव कुणाच्या तोंडात बसत नाही म्हणून तालमीनं राडेकर करून टाकलंय. आता ऐकताना वाटतं, गारगोटीकडं ह्यांची भावकी असणार.

उजवा गुडघा जरा सुजलाय. इंग्रजीत विचारलं, अडकतो का? मधेच दगा देतो का? पूर्वी कधी मोठं लागलं होतं? प्रत्येकाला "नो, नो." मान मात्र वरखाली. परदेशी माणसं, असतील तसली, म्हणून सोडून दिलं. इंग्रजी माझं कोल्हापुरी, त्याचं त्याच्या गावचं. विशेष काही नाही म्हणून नोंद केली. बर्फ, व्यायाम, परवा परत ये.

पप्पा एकेकाळी ह्याच तालमीचे गोली. अण्णा त्यांना 'ए कांबळ्या' म्हणायचे. आज जाताना मला म्हणाले, "कांबळेसाहेबांना नमस्कार सांगा." घरी आल्यावर सांगितलं तर पप्पा म्हणाले, "साहेब म्हणाला? परत सांग." परत सांगितलं.

पुण्याला फिजिओथेरपी शिकायला गेलतो तेव्हा हॉस्टेलच्या पोरी हसायच्या. मुलगी असून 'गेलतो' काय गं, 'गेले होते' म्हण. ही वही माझी आहे. इथं मी गेलतोच लिहिणार. आवडलं तर वाचा, आणि वाचतंय तरी कोण.

२ मार्च, बुधवार

काल राडेकरनं (वहीत नुसतं रा.) दोन गोल मारले. आज पेपरात मथळा, 'चेक वटला!' क्लिनिकमध्ये तीन नवीन पेशंट, तिघंही त्याच पेठेतले. एकाला काहीच झालं नव्हतं, राडेकर ज्या खाटेवर झोपतो ती बघायला आलता. फी घेतली.

रा. व्यायाम मन लावून करतो. बोलायला लागला की थांबत नाही. गाव काचेच्या कारखान्याचं, वडील भट्टीवर. पप्पा कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीला फौंड्रीत भट्टीवरच, हे सांगितल्यावर त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं काय आम्ही सोयरेच निघालो.

कारखान्याच्या टीमकडून सुरुवात. मग प्रागच्या मोठ्या क्लबला, तिथं नुसता बाकावर. मग ऑस्ट्रिया, मग सायप्रस, मलेशिया, मग गोवा. गोव्यानं मधेच सोडलं. अण्णांच्या भाच्यानं तिथं बघून ठेवला होता, उचलून आणला. मी म्हणलो, एवढं जग फिरून शेवटी कोल्हापूर? तर म्हणाला, "प्रागमध्ये मला शेजारी ओळखत नव्हता. इथं न्हावी पैसे घेत नाही."

१३ मार्च, रविवार

सूज काही जात नाही. का जात नाही? व्यायाम बरोबर, बर्फ बरोबर. तालमीचे वस्ताद रोज संध्याकाळी गुडघ्याला तेल चोळतात असं कळलं. पैलवानाला चोळतात तसं, अंगठा घालून. अण्णांना फोन केला, हे बंद करा. म्हणाले, "अवो, वस्तादांच्या हाताला गुण हाय. तुमचा जन्म व्हायच्या आदीपास्नं हाडं बसवत्यात." फोन ठेवला. डोकं फिरलंय माझं.

रा. आज सायप्रसची गोष्ट सांगत होता. हसून हसून पुरेवाट झाली, आणि मग वाईटही वाटलं. तिथं पहिल्याच वर्षी त्यांची टीम कपाच्या फायनलला गेली. फायनलच्या आधी ह्यानं मालकाला विचारलं, मला ठेवणार का? मालक म्हणाला, "ने." आता ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो, आणि ह्याच्या भाषेत 'ने' म्हणजे नाही. हा मानी. बॅग भरली, विमानात बसला. मालकाला वाटलं पळून गेला. फायनल ह्याच्याशिवाय झाली, जिंकलीही.

"दुसऱ्या ठिकाणी?" मी विचारलो. कुठं फायनलच्या आधी विकला, कुठं मोडला, कुठं टीमच फायनलला गेली नाही. एवढ्या देशांत खेळला आणि फायनल एकही नाही. आता छत्तीस पूर्ण. हे शेवटचं वर्ष, तो स्वतःच म्हणतो.

३ एप्रिल, रविवार

तालमींच्या कपाची सेमीफायनल. पप्पांच्या हट्टानं स्टेडियमला गेलतो. बायका हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या. शिट्ट्या, हलगी, शिव्या तर काय विचारू नका, पप्पा मधे मधे खोकत होते, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

सेकंड हाफ. बरोबरी. रा. वळला आणि बसला. पाय गुडघ्यात वाकलेला, सरळच होईना. मी उभा राहिलो. तिथून पळत जाईपर्यंत वस्ताद आत पोचलेले. एकानं मांडी धरली, वस्तादांनी घोटा धरून पिळून ओढला. रा. ओरडला ते एवढ्या गोंगाटात मला ऐकू आलं. पाय सुटला. सगळी पेठ, "वस्ताद! वस्ताद!" रा. उठला, लंगडत चालला, आणि पाच-सात मिनिटांनी कॉर्नरवर डोक्यानं गोल. नाद खुळा म्हणत माणसं एकमेकांच्या अंगावर.

पप्पा रडत होते. मी मात्र त्याच्या पायाकडंच बघत होतो. न अडकणारा गुडघा असा अडकत नाही. 'अडकतो का' हे मी विचारलो होतो. नो म्हणाला होता.

५ एप्रिल, मंगळवार

पेन कागदात रुततंय. रागानं.

रा. खाटेवर, त्याच्या आईचा फोन आला. हा बोलतोय, "नो. नो, नो. नो यो." हसतोय, मान डोलावतोय. फोन ठेवल्यावर मी चेष्टेनं म्हणलो, आईला एवढं नाही नाही का म्हणतोस? काय मागत होती बिचारी?

म्हणाला, "नाही कुठं? हो म्हणत होतो."

"नो म्हणजे?"

"आमच्यात नो म्हणजे हो. अं, हो, बरं, असंच. 'ने' म्हणजे नाही. सांगितलं की सायप्रसचं."

मी तिथंच स्टुलावर बसलो. अडकतो का? नो. दगा देतो का? नो. पूर्वी मोठं लागलं होतं? नो. आणि मान वरखाली. अगं सुजाता, डोळे कुठं होते तुझे?

विचारलं, तुला माहीत होतं मी काय समजलो ते? आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, पहिल्या दिवशी घाबरून इंग्रजी सुचेना, आपलंच तोंडात आलं. दुसऱ्या दिवशी अण्णा त्याला 'फिट, फिट' म्हणत मिठी मारायला लागले तेव्हा कळलं. मग गप्प बसला. "खरं सांगितलं असतं तर मी गुरुवारच्या विमानात असतो."

मी म्हणलो, बाहेर हो. मग म्हणलो, थांब, पाय दाखव. नीट तपासला. जे पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं ते आज केलं. फायनल सतरा तारखेला, खालच्या पेठेशी.

८ एप्रिल, शुक्रवार

मिरजेला नेऊन एमआरआय केला. मीच नेलं, तालमीला न सांगता. सर्जननी फिल्म उजेडाला धरली आणि मला म्हणाले, "हा खेळतोय?"

गुडघ्यातली गादी फाटलीय. फाटका तुकडा उलटून सांध्यात अडकतो, तेव्हा पाय सरळ होत नाही. आत हाडं धरून ठेवणारी दोरी तर केव्हाची तुटलेली. बहुतेक मलेशियात. आत्ता ऑपरेशन केलं तर नीट चालेल, पळायचं विसरायचं. मैदानात परत अडकला आणि परत कुणी असा ओढला, तर पाय कायमचा वाकडा राहू शकतो. सर्जननी हे इंग्रजीत सांगितलं, सावकाश, दोनदा. रा. ऐकत होता. मी म्हणलो, समजलं? हो का नाही, इंग्रजीत सांग. "येस," म्हणाला.

परत येताना जयसिंगपूरपर्यंत फिल्मचं पाकीट मांडीवर धरून बसला. मग म्हणाला, आई तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. मला वाटलं शहाणा झाला. पुढं म्हणाला, "पण फायनल एकदाच आहे."

९ एप्रिल, शनिवार

अण्णा घरी आले. आमच्या घरी. आजवर कधी उंबऱ्याच्या आत आले नव्हते. पेढे. आईनं दिलेला चहा प्याले, बशीत ओतून, शेवटपर्यंत. पप्पा खुर्चीच्या कडेला बसलेले, पाहुणे असल्यासारखे.

मी सगळं सांगितलं. फिल्म दाखवली. अण्णांनी फिल्म उलटी धरली.

"एक इंजेक्शन मारूया की."

"न्हाय मारत."

"तुमी न्हाय तर दुसरं कोण बी मारंल. पर तुमी घट्ट पट्टी बांधून फिट म्हणा. त्याचा तुमच्यावर लई इस्वास हाय. तुमी म्हणल्याबिगर त्यो उतरंना झालाय."

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे तो तिकडं सांगतोय की डॉक्टरीण म्हणेल तर. मग माझ्या जिवाशी का खेळतोय हा? स्वतः नाही म्हणायचं धाडस नाही, म्हणून माझ्या गळ्यात.

जाता जाता अण्णा पप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कांबळेसाहेब, पोरीला समजावा. तालीम तुमची पण हाय."

११ एप्रिल, सोमवार

तालमीत बोलावलं. खाली कुस्तीच्या हौद्यात पोरं घुमत होती, बाईनं तिथं थांबायचं नाही म्हणून सरळ जिना चढून वर ऑफिसात. तांबड्या मातीचा आणि तेलाचा वास तिथंपर्यंत. खोलीत पाय ठेवायला जागा नाही.

मी उभ्यानंच सांगितलं. गादी फाटलीय, खेळला तर पाय जाईल, मी फिट म्हणणार नाही. वस्ताद मिशीवरनं हात फिरवत बसले.

अण्णा म्हणाले, "ज्येचा पाय त्येलाच इचारूया की." मग मोठ्यानं, बहिऱ्याला विचारावं तसं, "राडेकर! गुडघा! पेन? पेन हाय का?"

रा.नं माझ्याकडं बघितलं.

"नो," म्हणाला.

"न्हाय म्हणला! न्हाय म्हणला!" खोली डोक्यावर. बाहेर गल्लीत कुणीतरी लगेच फटाके लावले.

मी ओरडून सांगतोय, अवो, त्याच्या भाषेत नो म्हणजे हो! कोण ऐकतंय. अण्णा हसत हसत म्हणाले, "डॉक्टरीणबाई, अवो जगात कुठं नो म्हंजे व्हय असतंय व्हय?" सगळे खो खो. मी पण हसले असते, दुसऱ्या कुणाचा गुडघा असता तर.

(बघा, 'हसले असते' लिहिलं. पुण्याचं भूत. रागात बाहेर येतं.)

रा. बुटाच्या नाडीशी खेळत होता. कुठल्या भाषेतलं नो होतं ते? जिना उतरताना तोच विचार. मला वाटतं त्यानं मुद्दाम असं उत्तर दिलं की त्याला खोटं बोलावं लागू नये आणि खरंही सांगावं लागू नये. भ्याड. गाढव. आणि तरी मला त्याचा कळवळा येतोय, ह्याचाच जास्त राग येतोय.

१४ एप्रिल, गुरुवार

जयंती. सकाळी वंदना, दुपारी मिरवणुकीची गडबड. रा. आला, पांढरा शर्ट, कपाळाला पोरांनी नीळ लावलेली. खाली मांडी घालता येईना, आईनं खुर्ची दिली. खीर दोनदा घेतली.

माझ्याशी बोलला नाही. पप्पांशी बोलला. कसं बोलले देव जाणे, पप्पांना इंग्रजी येत नाही, त्याला मराठी दहा शब्द. हातानं गोल काढून, चमचा-वाटी मांडून पेनल्टी कशी अडवायची ते चाललं होतं. मधेच पप्पांनी मला विचारायला लावलं, फायनल किती खेळलास?

रा.नं हाताच्या बोटांनी शून्य केलं.

पप्पांनीपण केलं. मी चकित. पप्पा म्हणाले, एका वर्षी फायनलपर्यंत सगळ्या मॅचला गोलात मीच. फायनलच्या सकाळी अण्णाचा भाऊ मुंबईहून आला, गोलात उभा राहायला. अण्णा म्हणाले, कांबळ्या, तू आज पाणी बघ.

एवढंच. आईनं पण बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं. मी हे रा.ला इंग्रजीत सांगितलं, तेव्हा तो उठून पप्पांच्या शेजारी जाऊन बसला. खाली, सतरंजीवर. पाय लांब सोडून, ओठ दाबून. मी ओरडलो तरी उठला नाही.

१६ एप्रिल, शनिवार

पप्पांशी कडाक्याचं भांडण.

"बांध की पट्टी. त्येला खेळायचंय, खेळू दे."

"आणि पाय गेला तर?"

"त्येचा पाय हाय, सुजे. तुला न्हाय कळायचं. माणूस म्हातारा झाला तरी ते बोचतंय."

मी म्हणलो, तुम्हाला अण्णांनी साहेब म्हटलं म्हणून पाघळलात. बोलून गेलो. जीभ चावली पण उशीर झालेला. पप्पांनी चप्पल घातली आणि बाहेर गेले. जेवायला आले ते माझ्याकडं पाठ करून बसले. आईनं भाकरी माझ्या ताटात आपटली.

आज एकही पेशंट आला नाही. पेठेतले सगळेच बंद झाले. कोपऱ्यावर 'डिजिटल' बोर्ड लागलाय, राडेकरचा केवढा मोठा फोटो, खाली 'उद्या गुलाल आमचाच'. मी तिथून खाली मान घालून आलो. चोरी केल्यासारखं. चोरी कसली केलीय मी?

ठरलंय. मी पट्टी बांधणार नाही. बांधली तर फिट म्हटल्यासारखंच. नाही बांधली तर वस्ताद बांधतील, करकचून, आणि अडकला की ओढतील. म्हणजे ठरलेलं काहीच नाही.

१७ एप्रिल, रविवार. दुपार

क्लिनिकमध्ये. आतून कडी लावलीय.

हलगी दोन चौकांवरून ऐकू येत होती, तेव्हाच कळलं इकडंच येतायत. सगळी पेठ, झेंडे, मधे रा. गाडीच्या मागं बसलेला, जर्सी घालून. मिरवणूक खाली थांबली. तो एकटा वर आला. कठडा धरून, एक एक पायरी. मी दारातून बघत होतो, हात द्यायला गेलो नाही.

आत आला, कडी त्यानंच लावली. खाटेवर बसला. मी इंग्रजीत सुरुवात केली, तर हातानं थांबवलं मला. आणि मराठीत बोलला. पाठ करून आलता, कुणाकडून शिकला कुणास ठाऊक.

"बाई, दुकतंय. लई दुकतंय."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा. नो नाही, येस नाही, ने नाही. असं सांगितलं की ह्या गावात कुणालाच दुसरा अर्थ लावता येणार नाही. खाली हलगी कडकडतेय आणि हा माझ्यापुढं लहान पोरासारखा रडतोय, तोंडावर जर्सी ओढून.

मग तोंड पुसून म्हणाला, "बांधा."

मी विचारलो, खेळायला बांधू का घरी जायला? इंग्रजीत विचारलं, मग मराठीत विचारलं. त्यानं नुसता पाय पुढं केला आणि डोळे मिटून आडवा झाला.

ते आताच. पट्टीचं बंडल टेबलावर आहे. त्याला हात लावायच्या आधी हे लिहायला घेतलं, संपलं की उठीन. मला माहीत आहे मी काय सांगायला पाहिजे. त्याची ती एकुलती एक फायनल माझ्या तोंडून जाणार, आणि ह्या पेठेत मला परत कोण दारात उभं करणार नाही. पप्पांना तर नाहीच. तरी त्यानं खरं सांगितलंय, आणि ते मलाच सांगितलंय. तिथं वर तालमीत सांगायला हवं होतंस रे गाढवा, मला कशाला.

जिन्यात पावलं. अण्णा दार वाजवतायत. "डॉक्टरीणबाई, झालं का? टायम झाला! फिट म्हणा आन् सोडा पावण्याला!" मागं पोरं शिट्ट्या मारतायत. दार परत वाजलं, ह्या वेळी मुठीनं.

रा.नं डोळे उघडले नाहीत.

आणि आता बाहेर पप्पांचा आवाज. हे कधी आले? स्टेडियमला गेले असतील असं वाटलं होतं. पप्पा अण्णांशी बोलताना कायम हळू बोलतात. आत्ता अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं बोलले.

"अण्णा, दारावरनं हात काढा. आत डॉक्टर हाय. ती सांगंल तसं हुईल."

हलगी खाली चालूच आहे, जिन्यातली पावलं दोन पायऱ्या खाली सरकली. सांगायला उठतो.